तोंडाचे दप्तर

रुग्ण आणि चिकित्सक यांच्या दीर्घ नात्याविषयी जे काही लिहिले गेले आहे ते बहुतांशी फॅमिली डॉक्टरला समोर ठेवून लिहिले गेले आहे. दंतवैद्य त्यात क्वचितच येतो, आणि आलाच तर दाढ उपटणारा कारागीर एवढ्याच रूपात येतो. वास्तविक फॅमिली डॉक्टरने दिलेले औषध शरीरात विरून जाते आणि त्याचा माग उरत नाही, तर दंतवैद्याने केलेले काम रुग्णाच्या तोंडात वर्षानुवर्षे टिकते, रोज घासले जाते, भाकरी चावताना वापरले जाते आणि जिभेच्या परिचयाचे होऊन बसते. कोणत्या दाढेत मसाला भरला, कोणत्या दाढेची नस काढली, कोणता सुळा हलत असूनही ‘अजून चालेल’ म्हणून राखला, ही सगळी एका माणसाच्या हाताची आणि त्याच्या निर्णयांची चिन्हे असतात. हा माणूस पंचवीस-तीस वर्षांनी दवाखाना बंद करतो तेव्हा त्याचे काम रुग्णाजवळ राहते आणि त्या कामामागची कारणे सांगू शकणारा मात्र निघून जातो. नव्या दंतवैद्याशी जुळवून घेताना जी अडचण येते तिचे खापर सवयीवर किंवा वयावर फोडण्याची घाई केली जाते. तिचे मूळ बऱ्याच अंशी या विसंगतीत आहे.

जळगाव आणि धुळे या खानदेशातील दोन शहरांत असा बदल सध्या अनेक घरांच्या वाट्याला एकाच सुमारास येत असेल तर त्याला दंतव्यवसायाचा इतिहास कारण आहे. भारतात या व्यवसायाला कायद्याची चौकट मिळाली ती १९४८ च्या दंतवैद्य अधिनियमाने. त्या कायद्याने नोंदवहीचे दोन भाग केले होते: ‘अ’ भागात मान्यताप्राप्त पदवी असलेले, आणि ‘ब’ भागात पदवी नसलेले, परंतु नोंदणीपूर्वी किमान पाच वर्षे याच कामावर पोट भरणारे. बाजारपेठेत कवळ्या बसवून देणारी, दात काढून देणारी जी मंडळी पिढ्यान्‌पिढ्या काम करीत होती त्यांच्यापैकी काहींना या दुसऱ्या भागाने कायद्याच्या आत घेतले. पदवीधर मात्र फार थोडे होते, कारण पदवी मिळवायची सोयच दूर होती. नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय मुंबईत १९३३ पासून होते, नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय १९६८ मध्ये निघाले, तेव्हाच्या औरंगाबादेतले १९८२ मध्ये. धुळ्यात अण्णासाहेब चूडामण पाटील यांच्या स्मरणार्थ उभारलेले दंत महाविद्यालय त्याहूनही नंतरचे. म्हणजे पारोळ्याच्या किंवा चोपड्याच्या एखाद्या मुलाने १९७५ ते १९८५ या काळात दंतवैद्य व्हायचे ठरवले तर त्याला खानदेशाबाहेर जाऊन पाच वर्षे काढावी लागत, आणि परत येऊन जळगावच्या नवी पेठेत किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर पाटी लावली की आसपासच्या तालुक्यांचे तोंड त्याच्या हाती येई. ही पिढी आज साठीच्या आसपास किंवा त्यापुढे आहे. खासगी दंतवैद्याला निवृत्तीचे वय कोणी ठरवून दिलेले नसते. ते त्याची मान, कंबर आणि जवळची नजर ठरवते, कारण तोंडाच्या अरुंद, अंधाऱ्या पोकळीत वाकून, एका अंगावर भार देऊन तासन्‌तास काम करण्याचा हा धंदा शरीराकडून आपली किंमत वसूल करतो.

दवाखाना बंद होताना जे हस्तांतरित होऊ शकते ते कागद. धुळे हे कागदांचे मोल जाणणारे शहर आहे: इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी महाराष्ट्रभर पायपीट करून जमवलेल्या दप्तरांचा सांभाळ, १९२६ मध्ये याच शहरात त्यांचे निधन झाल्यावर त्यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या संशोधन मंडळाने केला. दप्तर हाती येणे आणि ते वाचता येणे यांतले अंतर किती असते हे मोडीच्या अभ्यासकाला सांगावे लागत नाही, आणि जुन्या दंतवैद्याच्या टेबलाच्या खणातली पुठ्ठ्याची कार्डे पाहणाऱ्या नव्या दंतवैद्यालाही लागत नाही. जुन्या कार्डावर बहुधा एक उभी आणि एक आडवी रेघ काढून तोंडाचे चार भाग पाडलेले असतात आणि प्रत्येक भागात मधल्या पटाशीपासून अक्कलदाढेपर्यंत एक ते आठ आकडे मोजले जातात. ही खूण व्हिएन्नातील अ‍ॅडॉल्फ झिगमाँडी यांनी १८६१ मध्ये सुचवली होती. आज संगणकावर नोंद करणारा दंतवैद्य जागतिक दंतवैद्यक महासंघाची दोन आकड्यांची पद्धत वापरतो, जिच्यात पहिला आकडा तोंडाचा भाग दाखवतो आणि दुसरा दाताचा क्रम. त्यामुळे जुन्या कार्डावर कोपऱ्यातला सहा असलेली डावीकडची खालची पहिली मोठी दाढ नव्या नोंदीत छत्तीस होते. हे भाषांतर सोपे आहे. अवघड आहे ते आकड्याशेजारच्या त्रोटक अक्षरांचे, कारण ‘पाहू’, ‘तूर्त नको’, ‘घरी विचारून सांगतील’ अशा नोंदींमागे जे संभाषण झालेले असते ते कोणीच लिहिलेले नसते. शिवाय कार्डे टिकतात तरी किती? दंतवैद्यांसाठीच्या २०१४ च्या आचारसंहितेत नोंदी किमान तीन वर्षे जपण्याची अपेक्षा आहे. कायम दाढ सहाव्या वर्षी येते आणि नीट सांभाळली तर सत्तर वर्षे राहते, तेव्हा तीन वर्षांचा कागद तिच्या चरित्राचे शेवटचे पान तेवढे सांगतो.

उपचारांच्या सातत्याविषयी जीनी हॅगर्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २००३ साली जे विवेचन केले ते इथे उपयोगी पडते. त्यांनी सातत्याचे तीन प्रकार मानले: माहितीचे सातत्य, म्हणजे आधीच्या घटना पुढच्या उपचारकाला ठाऊक असणे, व्यवस्थापनाचे सातत्य, म्हणजे उपचारांची दिशा एकमेकींशी सुसंगत राहणे, आणि नात्याचे सातत्य, म्हणजे तोच माणूस समोर असणे. दंतवैद्य निवृत्त होतो तेव्हा तिसरा प्रकार निश्चितच तुटतो, पहिला कार्डांच्या कृपेने अर्धामुर्धा वाचतो, आणि दुसरा वाचेल की नाही हे नव्या दंतवैद्याच्या प्रशिक्षणावर अवलंबून राहते. फॅमिली डॉक्टर आणि इतर चिकित्सक यांच्या बाबतीत नात्याचे सातत्य किती मोलाचे असते याचा एक पुरावा २०१८ मध्ये डेनिस परेरा ग्रे प्रभृतींनी मांडला. त्यांनी तपासलेल्या २२ अभ्यासांपैकी १८ अभ्यासांत तोच डॉक्टर टिकून राहण्याचा संबंध कमी मृत्युदराशी आढळला होता. दातांमुळे असा जीवनमरणाचा प्रश्न सहसा येत नाही, म्हणूनच दातांच्या बाबतीत या नात्याची किंमत करायचे राहून गेले असावे.

नवा दवाखाना रुग्णाला परका वाटतो तो आधी शरीराच्या पातळीवर, आणि हा परकेपणा नीट पाहण्यासारखा आहे. जुन्या खुर्चीत रुग्ण बसत असे. दंतवैद्य उभा राहून काम करी आणि शेजारी थुंकायचे भांडे असे, त्यामुळे दर दोन मिनिटांनी उठून चूळ भरण्याच्या निमित्ताने रुग्णाला उसंत मिळे आणि काय चालले आहे हे डोळ्यांनी पाहता येई. नव्या खुर्चीत रुग्णाला जवळजवळ आडवे केले जाते, दंतवैद्य त्याच्या डोक्यामागे बसतो, मदतनीस मुलगी नळीने लाळ खेचून घेते आणि थुंकण्यासाठी उठण्याचे कारणच उरत नाही. दंतवैद्याच्या पाठीच्या दृष्टीने ही मांडणी फारच सुखाची आहे. ज्या वृद्धाला आडवे पडले की छातीशी जळजळते किंवा ज्याने परक्या माणसांसमोर पाठ टेकायची नाही असा आयुष्यभराचा रिवाज पाळला आहे त्याच्यासाठी ती नाही. जुन्या दवाखान्यात शिरताच येणारा लवंगेच्या तेलाचा वास नव्या ठिकाणी येत नाही, आणि त्याचे कारण रसायनशास्त्रात आहे. लवंगेच्या तेलातील युजेनॉल हे द्रव्य झिंक ऑक्साइडमध्ये कालवून जुने दंतवैद्य दाताच्या खड्ड्यात तात्पुरते भरत, त्याने ठणका शमे. परंतु आज वापरले जाणारे दाताच्या रंगाचे राळयुक्त मिश्रण, ज्याला कॉम्पोझिट म्हणतात आणि जे निळ्या प्रकाशाने घट्ट केले जाते, युजेनॉलच्या संपर्कात नीट घट्ट होत नाही. त्यामुळे वास गेला. चांदीचा म्हणून ओळखला जाणारा मसालाही मागे पडला. त्यात वजनाने निम्म्याच्या आसपास पारा असतो आणि पाऱ्याचा वापर कमी करणारा मिनामाता करार २०१७ मध्ये अमलात आला. जुन्या मसाल्याचा करडा रंग तोंडात मिरवणाऱ्या रुग्णाला नवा दंतवैद्य तो पाहून भुवया उंचावताना दिसतो, तेव्हा आपल्या जुन्या डॉक्टरने काही वावगे केले होते की काय, ही शंका त्याच्या मनात पहिल्यांदा डोकावते. वावगे काही झालेले नसते. चांदीचा मसाला चावण्याच्या जोराला उत्तम टिकतो, आणि खानदेशात कळण्याची भाकरी आणि कडक भाजलेली बट्टी खाणाऱ्या दाढांत तो तीस-तीस वर्षे टिकलेला दिसतो.

खरा पेच पहिल्या तपासणीनंतर येतो. जुने डॉक्टर वर्षानुवर्षे ‘सगळे ठीक आहे’ म्हणत होते आणि नव्याने अर्ध्या तासात चार दातांना कीड, दोन ठिकाणी हिरडीखाली खोलवर साठा आणि एका कॅपच्या कडेला फट दाखवली, असा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की त्यावरून लगेच दोनपैकी एक निष्कर्ष काढला जातो: जुना आळशी होता किंवा नवा लोभी आहे. दोन्ही निष्कर्ष फार स्वस्तात मिळतात, म्हणून ते तपासून घ्यावेत. स्कॉटलंडमध्ये रिचर्ड एल्डर्टन आणि नटॉल यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पंधरा दंतवैद्यांनी त्याच अठरा तरुणांचे दात तपासले होते, आणि किती ठिकाणी भरणे आवश्यक आहे याविषयी त्यांच्या मतांत कित्येक पटींची तफावत पडली होती. तोंडे तीच होती आणि पैशाचा मोह हे एकमेव कारण देता येईल अशी ती तफावत नव्हती. प्रशिक्षणाने नजर घडते. ज्या पिढीने ग्रीन व्हार्डिमन ब्लॅक यांच्या शिकवणीत काम शिकले तिला कीड लागलेल्या जागेभोवतीचा निरोगी भागही कोरून घ्यावा, म्हणजे पुढे तिथे कीड लागणार नाही, असे सांगितले गेले होते. आजच्या पिढीला दाताचा शक्य तितका भाग वाचवावा आणि प्रारंभीच्या डागावर फ्लोराइड लावून वाट पाहावी असे शिकवले जाते. पडद्यावर तत्काळ उमटणारा संगणकीय एक्स-रे, जो १९८० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये विकसित झाला आणि पुढे खानदेशातही आला, दोन दाढांमधली कीड अशा टप्प्यावर दाखवतो की जुन्या दंतवैद्याला आरशाने आणि टोकदार सळईने ती सापडणेच शक्य नव्हते. याउलट, दंतवैद्य बदलण्याची किंमत दाताला मोजावी लागते याचाही पुरावा आहे: इंग्लंड आणि वेल्समधील सरकारी दंतसेवेच्या प्रचंड नोंदी तपासून २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासमालिकेत असे आढळले की ज्यांनी दंतवैद्य बदलला त्यांच्या दातांतली भरणे, ज्यांनी बदलला नाही त्यांच्यापेक्षा लवकर पुन्हा उकरली गेली. अनोळखी माणसाने भरलेला मसाला नव्या नजरेला संशयित वाटतो आणि संशयाचा निवाडा बहुधा उकरण्याच्या बाजूने लागतो. प्रत्येक वेळी उकरताना दाताचा थोडा निरोगी भाग जातो, हे एल्डर्टन यांनीच पुढे आग्रहाने मांडले. तेव्हा रुग्णाचा हट्टीपणा म्हणून जो हिणवला जातो त्यात थोडे शहाणपणही असते.

तरीही जुन्या नजरेविषयीचा गहिवर आवरता घ्यावा लागतो, कारण ओळखीच्या नजरेलाही एक आंधळेपणा असतो. तंबाखूचे उदाहरण पुरेसे आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील सुमारे एक चतुर्थांश प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होते, आणि गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली तरी खिशातली चुन्याची डबी आणि सुपारीची पुडी काही गेली नाही. सुपारीने गालाच्या आतल्या त्वचेखाली तंतू साचत जातात आणि तोंड उघडण्याची क्षमता हळूहळू कमी होते. एकावर एक धरलेली तीन बोटे तोंडात मावत होती तिथे दोन मावू लागतात. दर सहा महिन्यांनी त्याच रुग्णाला पाहणारा दंतवैद्य हा बदल दोन प्रकारे अनुभवू शकतो. त्याने पहिल्या भेटीत माप लिहून ठेवले असेल तर घट त्याला कोणाहीआधी कळते. लिहिले नसेल तर तोंड रोज थोडे कमी उघडते हे त्याच्या लक्षातच येत नाही, जसे घरच्यांना घरच्या माणसाचे वाळणे दिसत नाही. परका दंतवैद्य मात्र पहिल्याच दिवशी दचकतो. हिरडीच्या आजाराचेही तसेच. दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीची खोली मिलिमीटरच्या खुणा असलेल्या सळईने मोजली जाते, तीनपर्यंतचे आकडे निरोगी मानले जातात, आणि पाच-सहाचे आकडे जबड्याचे हाड ओसरत चालल्याचे सांगतात. नव्या दवाखान्यात हे आकडे मोठ्याने वाचून मदतनिसाकडून लिहून घेतले जातात तेव्हा खुर्चीतल्या माणसाला आपला पंचनामा होत असल्यासारखे वाटते, परंतु दीर्घ ओळखीने जे दिसेनासे झाले होते ते या रुक्ष आकड्यांनीच पुन्हा दिसू लागते.

कागदांचा तगादा हाही तक्रारीचा मोठा विषय. जुन्या दवाखान्यात ‘काढायची का आप्पा?’ एवढ्या प्रश्नावर आणि मान हलवण्यावर दाढ निघत असे; नव्या ठिकाणी संमतिपत्रावर सही, रक्तदाबाची आणि साखरेची नोंद, औषधांची यादी आणि खर्चाचा लेखी अंदाज आधी येतो. यामागे अविश्वास नाही, न्यायालयीन निकालांची एक मालिका आहे: १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली आणि २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात खरी, वैध संमती म्हणजे काय याचे निकष स्पष्ट केले. पैशाच्या बाबतीतही जुनी रीत वेगळी होती. कापूस विकला गेला की, केळीचा पैसा हाती आला की देऊ, अशा बोलीवर काम करून घेण्याची सोय खेड्यातून येणाऱ्या माणसाला परिचयातून मिळे. नव्या दवाखान्याने घेतलेल्या यंत्रांचे हप्ते दरमहा फेडायचे असल्यामुळे तिथे हंगामाची वाट पाहणे परवडत नाही. त्यात भर म्हणजे नस काढायला एक तज्ज्ञ ठरावीक वारी येतो, हिरडीच्या शस्त्रक्रियेला दुसरा, कृत्रिम दात हाडात रोवायला तिसरा, आणि ज्याच्यावर विश्वास टाकायचा तो नेमका कोण, हे रुग्णाला उमगत नाही. कामाची गुणवत्ता यात वाढते यात शंका नाही. जबाबदारी मात्र विखुरते, आणि ती एका ठिकाणी सांभाळण्याचे काम ज्या नव्या दंतवैद्याला जमते त्याच्याकडेच जुन्या डॉक्टरचे रुग्ण टिकतात, असे निरीक्षण धाडसाने नोंदवता येईल.

संबोधनाची आणि बोलण्याची बाजूही लहान नाही. खानदेशात वडीलधाऱ्या पुरुषाला आप्पा, नाना, आबा, बापू यांपैकी काहीतरी घरातून मिळालेले असते आणि जुना दंतवैद्य तेच नाव वापरी. नव्या ठिकाणी त्याचे ‘अंकल’ किंवा ‘सर’ होते, आणि फोनवर त्याला मोबाइल क्रमांकाच्या शेवटच्या चार आकड्यांनी शोधले जाते. वेदना सांगण्याचेही तसेच. ‘दाढ दुखी राहिनी’ असे अहिराणीत म्हणणाऱ्या बाईला शून्य ते दहा यांपैकी किती दुखते हे विचारले तर ती गोंधळते, पण थंड पाण्याने क्षणभर शिवशिवते की रात्रभर ठणकते असे विचारले तर ती अचूक सांगते, आणि निदानासाठी तेच अधिक मोलाचे असते: क्षणभराची शिवशिव दाताचा आतला थर उघडा पडल्याचे सांगते, रात्रीचा ठणका आतली नस वाचवण्यापलीकडे गेल्याचे. मराठवाड्यातून किंवा मुंबईतून आलेल्या नव्या दंतवैद्याला ही बोली शिकायला काही महिने लागतात, आणि जो शिकतो त्याचे काम निम्म्याने सोपे होते. दातांच्या भीतीचे मापन करण्यासाठी नॉर्मन कोरा यांनी १९६९ मध्ये तयार केलेली चार प्रश्नांची प्रश्नावली जगभर वापरली जाते. उद्या दंतवैद्याकडे जायचे आहे, प्रतीक्षा करायची आहे, कोरण्याचे यंत्र हाती घेतले जात आहे, सफाईची हत्यारे मांडली जात आहेत, या चार प्रसंगी कसे वाटेल, असे त्यात विचारले जाते. दंतवैद्य कोण आहे हे त्यातला एकही प्रश्न विचारत नाही. जळगावच्या कोणत्याही प्रतीक्षागृहात पहिला प्रश्न तोच असतो.

या सगळ्या चर्चेत एक गोष्ट सहसा सुटते, ती म्हणजे तीस वर्षांचा एकच दंतवैद्य ही प्रामुख्याने पुरुषांची चैन आहे. धुळ्याच्या एखाद्या गल्लीत वाढलेली, लहानपणी दुधाचे दात तिथल्याच दवाखान्यात काढून घेतलेली मुलगी लग्न होऊन जळगावला किंवा अमळनेरला जाते तेव्हा बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी तिचा दंतवैद्य बदलतो. सासरच्या माणसांचा जो डॉक्टर तोच तिचा, त्याला तिच्या तोंडाचा पूर्वेतिहास ठाऊक नसतो, आणि गरोदरपणात हिरड्यांतून रक्त येऊ लागले तर हे नेहमीचेच की नवे, हे सांगणारे कोणी जवळ नसते. या बदलाचा कोणी गाजावाजा केलेला ऐकिवात नाही. उलट, निवृत्त पुरुष दंतवैद्याच्या जागी तरुण स्त्री दंतवैद्य आली, आणि दंतवैद्यकाच्या वर्गांत आज मुलींची संख्या मोठी असल्याने हे वारंवार घडते, तर अनेक प्रौढ स्त्रिया मोकळ्या होतात. परपुरुषासमोर पदर सावरत तोंड उघडण्याचा जो संकोच त्यांनी वर्षानुवर्षे गिळला होता तो नाहीसा होतो. तीच तरुणी घरातल्या नानांना मात्र ‘पोरगी’ वाटते आणि तिच्या हाताखाली दाढ काढून घ्यायला ते तीन आठवडे टाळाटाळ करतात. दुसरा दुर्लक्षित गट परगावी गेलेल्यांचा. पुण्यात नोकरी करणारे, सुरतच्या उधना-लिंबायत भागात कामाला गेलेले खानदेशी दिवाळीला गावी आले की वर्षाचे दात तिथेच दाखवून घेतात, कारण शहरातल्या दवाखान्याचा दर परवडत नाही आणि गावच्या डॉक्टरवर विश्वास असतो. त्यांच्या लेखी दवाखाना बंद होणे म्हणजे गावाशी असलेला एक व्यावहारिक धागा तुटणे.

मग रुग्णाने करावे काय, या प्रश्नाला एक उत्तर आहे, आणि ते काहीसे गैरसोयीचे आहे. जुन्या दंतवैद्यावरच्या विश्वासात स्वतःच्या तोंडाविषयी अज्ञानी राहण्याची मुभाही दडलेली होती. ‘डॉक्टरांना माहीत आहे’ या वाक्यावर तीस वर्षे निभावली. तो आधार गेल्यावर आपल्या कोणत्या दाढेची नस कधी काढली, कोणत्या इंजेक्शनने पूर्वी घेरी आली होती, रक्त पातळ करणारी गोळी कोणत्या वर्षापासून चालू आहे, हे माणसाला पहिल्यांदाच स्वतः जाणून घ्यावे लागते. शेवटच्या भेटीत जुन्या डॉक्टरकडून एक्स-रे आणि कार्डाची नक्कल मागून घेणे, आणि नव्याला पहिल्याच दिवशी ‘यातले तातडीचे कोणते आणि थांबण्यासारखे कोणते’ असे विचारणे, ही दोन कामे बहुतेक लोक करीत नाहीत. निवृत्त दंतवैद्य स्वतःही या नियमाला अपवाद नाही: त्याच्याही दाढांना कीड लागते, स्वतःचा दात स्वतः भरता येत नाही, आणि आजवर ज्या हातांना त्याने नवखे म्हटले त्यांच्याच खुर्चीत त्याला आडवे व्हावे लागते.

नव्या दंतवैद्याशी जुळले की नाही याचा निवाडा पहिल्या तपासणीत होत नाही, वेदनारहित इंजेक्शनानेही होत नाही. तो बहुधा त्याच्या हातचे पहिले काम बिघडते तेव्हा होतो. कॉम्पोझिटचे भरण उडते, कॅप सैल होते, नस काढलेली दाढ बट्टी चावताना पुन्हा कळ देते. जुन्या डॉक्टरकडे असे झाले की माणूस न संकोचता परत जाई, कारण तिथे बिघाड हा आधीच्या शंभर व्यवस्थित झालेल्या कामांनंतरचा एखादा असे. नव्याकडे तोच बिघाड एकमेव पुरावा ठरतो. जे रुग्ण परत जाऊन स्पष्ट तक्रार करतात आणि ज्यांना नवा दंतवैद्य पुन्हा पैसे न घेता ते काम नीट करून देतो, त्यांच्या कार्डावर त्या दिवसापासून नव्या हाताच्या नोंदी वाढत जातात. जे जात नाहीत ते शेजाऱ्याने सुचवलेल्या तिसऱ्या दवाखान्यात जातात, तिथे त्याच दाढेचा एक्स-रे पुन्हा काढला जातो, आणि आधी काय झाले होते हे विचारल्यावर त्यांना नीटसे सांगता येत नाही.